जड म्हणजे नेमकं कधी?

"अण्णा, स्टेअरिंग लई जड झालंय." गॅरेजच्या दारात गाडी लावताना मालक एवढंच सांगतो, आणि त्याच्या मते त्याने सगळं सांगितलेलं असतं. खांदा भरून आलेला असतो. नव्या पेठेत गाडी लावताना तीनदा पुढेमागे करावं लागलेलं असतं आणि मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न अजून कानात वाजत असतो. पण "जड" या शब्दाला आपण फार कामाला लावलंय. डोकं जड होतं, जेवण जड होतं, पाय जड होतात, पोरगी सासरी निघाली की मनही जड होतं. दर वेळी शब्द तोच, कारण निराळं. स्टेअरिंगचंही तसंच आहे. म्हणून बॉनेट उघडायच्या आधी विचारायचं: जड म्हणजे नेमकं कधी? सकाळी गाडी काढताना, की दुपारी तुळजापूरहून परतल्यावर? उभ्या गाडीत, की चालत्या? एकाच बाजूला वळवताना, की दोन्हीकडे? आणि वळण घेऊन झाल्यावर चाक आपसूक सरळ येतं, की तुम्हालाच ओढून आणावं लागतं?

या चार प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली की निम्मं निदान बसल्या जागी होतं. ती विचारलीच नाहीत तर "रॅक गेलाय" असं ठरतं आणि रॅक, म्हणजे स्टेअरिंगच्या फिरण्याने डावीउजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा, हा यंत्रणेतला सगळ्यात महागडा भाग बदलला जातो. गाडी घरी जाते. दुसऱ्या दिवशी स्टेअरिंग होतं तेवढंच जड, कारण मूळ दुखणं स्ट्रटच्या (पुढच्या चाकावरच्या स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या जोडीच्या) वरच्या बेअरिंगमध्ये असतं, नाहीतर टायरमध्ये हवाच कमी असते. मालकाचे पैसे गेले याचं वाईट वाटतंच. चांगला रॅक भंगारात गेला याचंही तितकंच वाटतं.

स्टेअरिंग फिरवणाऱ्या हाताला यंत्राची मदत द्यायची, म्हणजे पॉवर स्टेअरिंगची, कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्येच तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग गाडीत बसवून दाखवलं. बाजारात विकत मिळणाऱ्या मोटारीत ते यायला मात्र १९५१ उजाडलं, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. विजेच्या मोटरची मदत १९८८ मध्ये जपानच्या सुझुकी सर्व्होत आली. आज आपल्या रस्त्यांवर दोन्ही घराणी नांदतात. बॉनेट उघडल्यावर स्टेअरिंगचं चित्र असलेली तेलाची लहान डबी दिसली तर गाडी तेलाची, म्हणजे पंप तेलाला दाब देऊन मदत करतो. जुनी इनोव्हा, बोलेरो अशा गाड्या या घराण्यातल्या. डबी दिसली नाही तर मदत बहुधा विजेची, म्हणजे ईपीएस (इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग). स्विफ्ट, वॅगनआर त्यातल्या. दोघांची दुखणी वेगळी. पण चाकापासून रॅकपर्यंतचं लोखंड दोघांनाही सारखंच आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी. खरं तर त्याही आधी टायरपासून.

टायरमधली हवा ही गोष्ट कुणी मनावर घेत नाही, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर हवेचा आकडा सरळसरळ फसवतो. तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. मे महिन्यात ४२ अंशांत तुळजापूरहून ४५ किलोमीटर पळत आलेल्या गाडीचे टायर पेट्रोल पंपावर ३२ दाखवतात, आणि मालक निर्धास्त होतो. तेच टायर दुसऱ्या दिवशी पहाटे, गार असताना, २७ नाहीतर २८ भरतात. गाडी अंगणातून काढताना जे जड लागतं ते हेच. हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजायची आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरून घ्यायचा. हवा कमी असली की टायरचा जास्त भाग रस्त्याला चिकटतो, आणि उभ्या गाडीत तो सगळा पट्टा रस्त्यावर घासत फिरवावा लागतो. हौसेने कंपनीपेक्षा रुंद टायर टाकले असतील तर हाच परिणाम कायमचा मागे लागतो, मग कुठलाही पंप बदलून उपयोग नाही.

हवा बरोबर असेल तर मग डबीकडे वळायचं.

झाकण उघडायच्या आधी ते आणि त्याच्या भोवतीचा भाग फडक्याने स्वच्छ पुसून घ्यायचा. आपल्याकडच्या काळ्या मातीची भुकटी आत गेली तर ती पंपाच्या पात्यांना कानशीसारखी घासते. झाकणाला पट्टी असेल तर तिचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टेकवायचा. लालसर, पारदर्शक डाग पसरला तर तेल बरं आहे. डाग चहासारखा असेल तर तेल म्हातारं झालंय. काळा आणि जळकट वासाचा असेल तर तेल भाजलंय. थेंबात चांदीसारखी बारीक चमक दिसली तर पंप स्वतःलाच खातोय. आणि डबीत दुधासारखा फेस असेल तर कुठून तरी हवा आत जाते आहे. एका थेंबात एवढं सगळं लिहिलेलं असतं. त्याला मिनिटही लागत नाही, तरी तो थेंब बघायची सवय फार कमी जणांना आहे.

पातळीच्या खुणा बहुधा दोन असतात, गार तेलाची आणि गरम तेलाची. इंजिन गार असताना गरमच्या खुणेपर्यंत भरलं तर तापल्यावर तेल झाकणातून बाहेर येतं आणि मग गळती आहे असा उगाच समज होतो. पण तेल खरोखरच कमी झालं असेल तर एक गोष्ट पक्की धरावी: ही बंद यंत्रणा आहे, ती तेल पीत नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गेलं. नुसतं भरून गाडी परत देणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं.

गळती शोधायला आपल्या शहरात एक सोय आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या आसपास, यंत्रमागांच्या पट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांवर कापसाची बारीक भुरी बसते. तेलाने ओल्या झालेल्या जागी ती चिकटून राहते, तिचा थर होतो, आणि गळती कुठे आहे ते लांबून दिसतं. इतर भागांत हेच काम धूळ करते. भुरीचा ओला थर पंपाच्या पुलीमागे असेल तर शाफ्टचं सील गेलंय. पाइपच्या मुडपलेल्या जोडावर असेल तर जास्त दाबाचा होज तिथून पाझरतोय. सगळीकडेच ओलं असेल तर आधी सगळं धुऊन, कोरडं करून, चार-पाच किलोमीटर गाडी चालवून पुन्हा बघायचं. गळती वरून खाली आणि वाऱ्याने पुढून मागे जाते, म्हणून ओल दिसेल तिथून वर आणि पुढे शोधत जायचं.

रॅकच्या दोन्ही टोकांना घडीघडीचे रबरी बूट असतात. ते हाताने दाबून पाहायचे. आत तेल खळखळलं, किंवा बुटाची क्लिप सैल केल्यावर तेल ओघळलं, तर रॅकचं सील फुटलंय. इथे मात्र रॅकचंच काम आहे. पण हे सील बहुधा आपणहून फुटत नाही. बूट आधी फाटलेला असतो. त्यातून पावसाळ्यातला चिखल आत शिरतो, रॅकच्या गुळगुळीत दांड्यावर गंज धरतो आणि तो खरखरीत दांडा दर वळणाला सीलवरून फिरत राहतो. काहीशे रुपयांचा बूट वेळेवर न बदलल्याने रॅक जातो तो असा. म्हणून चाक खोललं की बूट बघायचाच, तक्रार असो वा नसो.

तेल कुठलं घालायचं ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुष्कळ गाड्यांना डेक्स्ट्रॉन जातीचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, काही युरोपीय गाड्यांना हिरवं सिंथेटिक तेल लागतं. लाल आणि हिरवं एकत्र करायचं नाही. घाईत ब्रेक ऑइल ओतणं ही तर सगळ्यात वाईट चूक. ब्रेक ऑइल वेगळ्या रसायनाचं असतं, त्याने इथली रबरी सीलं फुगून मऊ पडतात, आणि मग पंप, व्हॉल्व्ह, रॅक सगळीकडून एकदम गळती सुरू होते. चुकून ओतलं गेलंच तर इंजिन चालू करू नये. आधी डबी रिकामी करावी. "गळती बंद करणारं औषध" म्हणून बाटल्या विकल्या जातात, त्याही रबर फुगवूनच काम करतात. परगावी अडकलात आणि घरापर्यंत पोचायचं असेल तर ठीक. त्यावर वर्षभर गाडी चालवू नये.

जुनं तेल काढायला सगळं खोलावं लागत नाही. पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवायची. विटा किंवा दगड लावायचे नाहीत, हँडब्रेक ओढायचा आणि मागच्या चाकांना पाचर लावायची. डबीकडे परत येणारा, कमी दाबाचा पाइप काढून बाटलीत सोडायचा आणि डबीचं ते तोंड बुचाने बंद करायचं. इंजिन बंदच ठेवून एकाने स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने डबीत नवं तेल ओतत राहायचं. डबी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा आत जाते. लहान गाडीत एकूण तेल लिटरभराच्या आसपास असतं, त्यामुळे दोन लिटरमध्ये बाटलीत लाल, स्वच्छ तेल यायला लागतं. त्याच वेळी डबीच्या तळाची बारीक जाळी टॉर्चने बघायची. ती गाळाने भरली असेल तर पंपाला तेल अपुरं पडतं, तो कण्हल्यासारखा आवाज करतो आणि स्टेअरिंग जड होतं. बऱ्याच डब्यांतली जाळी काढता येत नाही, तेव्हा अख्खी डबीच बदलायची. पंप बदलूनही आवाज तसाच राहिलेल्या गाड्यांत पुष्कळदा दोष या जाळीचाच निघतो, आणि तीच जाळी नव्या पंपालाही उपाशी ठेवून मारते.

नंतर हवा काढायची, म्हणजे एअर. चाकं अजून उचललेलीच आहेत. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवायचं, मध्ये मध्ये तेल भरायचं. मग इंजिन सुरू करून तेच पुन्हा करायचं. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही. तिथे पंपाचं सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब फार वाढला की उघडणाऱ्या झडपेतून) गोल गोल फिरत राहतं आणि बघता बघता उकळायला येतं. फेस दिसला तर इंजिन बंद करून थांबायचं, बुडबुडे आपोआप वर येतात. घाई करून फेसासकट फिरवत राहिलात तर तीच हवा आणखी बारीक होऊन तेलात मिसळते. फेस पुन्हा पुन्हा येत असेल तर डबीकडून पंपाकडे जाणारा पाइप तपासायचा. या पाइपात दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे त्याची क्लिप सैल असली तरी तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंबही पडत नाही आणि तरी यंत्रणा हवेने भरते. आमच्या उन्हाळ्यात रबर लवकर कडक होतं, तडकतं, आणि जुन्या पाइपवर नवी क्लिप कितीही आवळली तरी ती बसत नाही. पाइप बदलायचा.

पंप फिरवणाऱ्या बेल्टचं, म्हणजे पट्ट्याचं, थोडक्यात सांगतो. स्टेअरिंग टोकाला नेल्यावर "चीं" असा आवाज येत असेल तर पट्टा घसरतोय. पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल किंवा भेगा असतील तर बदलायचा. जुन्या पद्धतीच्या पट्ट्यात, दोन पुलींच्या मधल्या सगळ्यात लांब भागात, अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एकच लांब पट्टा सगळं फिरवत असेल तर ताण टेन्शनर राखतो, मग त्याची स्प्रिंग आणि बेअरिंग बघायचं. पट्ट्यावर तेल सांडलेलं असेल तर नुसता पट्टा बदलून भागत नाही, आधी तेल कुठून येतंय ते थांबवायचं.

आता पंप की रॅक, हा वादाचा मुद्दा. इथेच "जड कधी?" या प्रश्नाचं उत्तर कामाला येतं. उभ्या गाडीत आयडलवर जड आणि अ‍ॅक्सिलरेटर थोडा दिला की हलकं होत असेल, तर संशय पंपावर किंवा पट्ट्यावर. गार असताना बरं आणि तासभर उन्हात चालल्यावर जड, तरीही पंपच. तेल तापून पातळ झालं की झिजलेल्या पात्यांना ते दाबता येत नाही. म्हणून जे पंप डिसेंबरमध्ये कसेबसे चालतात ते एप्रिल-मे महिन्यात हात टेकतात. उलट सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं जड आणि तापल्यावर हलकं होत असेल, तर रॅकच्या व्हॉल्व्हमधल्या कड्या आणि त्यांचं घर झिजलंय. एकाच बाजूला जड असेल तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा रॅकच्या आतल्या सीलमध्ये, कारण पंप दोन्ही बाजूंना एकच आहे, तो भेदभाव करत नाही.

अंदाज पक्का करायला दाब मोजायचं गेज लागतं. मध्ये बंद करायची चावी असलेलं गेज पंप आणि रॅक यांच्यामधल्या पाइपात लावायचं. इंजिन चालू, तेल तापलेलं. चावी क्षणभर बंद करायची, पाच सेकंदांच्या आतच उघडायची, आणि आकडा बघायचा. तो गाडीच्या पुस्तकात दिलेल्या कमाल दाबाइतका असेल तर पंप निरोगी आहे. मग चावी उघडी ठेवून स्टेअरिंग टोकाला न्यायचं. आता दाब आधीपेक्षा बराच कमी आला तर तेल रॅकच्या आतच गळतंय, बाहेर एक थेंबही न दिसता. दोन आकड्यांत पंप आणि रॅक यांचा वाद मिटतो. पंपाचा दाब कमी आला तरी लगेच नवा पंप आणू नये. त्याच्या अंगातला फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह काढून बघायचा. त्यात कचरा अडकून तो अर्धा उघडा राहिलेला असतो. स्वच्छ धुऊन, तेल लावून तो आपल्या घरात स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. त्यावर पॉलिश पेपर मारायचा नाही.

हे सगळं तेलाचं झालं. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते लोखंडाकडे.

पुढची दोन्ही चाकं उचला, इंजिन बंद ठेवा आणि स्टेअरिंग हाताने फिरवा. चाकांवर गाडीचं वजन नाही, तेव्हा फिरण्यातला अडसर एकसारखा लागायला हवा. तो मध्येच अडकत असेल, कुठे घट्ट कुठे सैल लागत असेल, तर दोष लोखंडात आहे. तो कुठे आहे ते शोधायला यंत्रणा मधोमध तोडायची. दोन्ही टाय रॉड एंड (रॅककडून चाकाकडे येणाऱ्या दांड्यांची टोकं) नकलपासून, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडापासून, सोडवायचे. कॉटर पिन काढायची, नट काढून टाकायचा नाही, दोन-तीन आट्यांवर ठेवायचा, आणि हातोडा नकलच्या कडेवर बाजूने मारायचा; आट्यांवर कधीच मारायचा नाही. परत बसवताना कॉटर पिन नवी लावायची. आता स्टेअरिंग मोकळं झालं तर दोष चाकांच्या बाजूला. प्रत्येक नकल हाताने डावीउजवीकडे फिरवून बघायचा. एक लोण्यासारखा फिरतो आणि दुसरा करकरतो, हा फरक हाताला लगेच कळतो. करकरणाऱ्या बाजूचा खालचा बॉल जॉइंट गंजलाय किंवा स्ट्रटच्या वरचं बेअरिंग जाम झालंय. दोघांतलं कुठलं, ते ठरवायला सगळं पुन्हा जोडायचं, चाकं जमिनीवर टेकवायची, एकाने स्टेअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने कॉइल स्प्रिंगला नुसती बोटं टेकवायची. बेअरिंग जाम असेल तर स्प्रिंग आधी पिळली जाते, मग "टक" करून सुटते. तो झटका बोटांना स्पष्ट लागतो. अशा गाडीत वळण झाल्यावर स्टेअरिंग सरळ येत नाही, उलट सरळ केल्यावर थोडं मागे खेचतं.

टाय रॉड सोडवूनही स्टेअरिंग जडच राहिलं तर दोष रॅकमध्ये किंवा कॉलममध्ये, म्हणजे स्टेअरिंगपासून खाली रॅककडे जाणाऱ्या दांड्यात. रॅकच्या बाबतीत एक गोष्ट आधी विचारायची: याआधी खडखडीचं काम झालं होतं का? खड्ड्यांच्या रस्त्यावर रॅक खडखडायला लागला की त्याच्या मागचा अ‍ॅडजस्टर नट आवळून आवाज बंद करतात. आवाज जातो, पण दात एकमेकांवर दाबले जातात, स्टेअरिंग जड होतं आणि मधोमध परत यायचं थांबतं. गाडी सरळ रस्त्यावर सतत दुरुस्त करत चालवावी लागते, आणि हैदराबाद रस्त्याला तासभर गेलं की खांदे बोलायला लागतात. हा नट पुस्तकातल्या मापाने आवळून, पुस्तकात दिलेल्या अंशांनी परत सोडायचा असतो. अंदाजाने अर्धा आटा आवळणं म्हणजे पुढच्या माणसासाठी कोडं घालून ठेवणं.

कॉलमचा क्रॉस जॉइंट पायांच्या वर, डॅशबोर्डच्या खाली असतो, आणि एक खाली रॅकजवळ, चिखलपाण्याच्या वाटेत. खालचा आधी गंजतो. त्याची खूण न चुकणारी आहे: स्टेअरिंगच्या एका पूर्ण फेरीत दोनदा घट्ट, दोनदा सैल. क्रॉसचा एक आस जाम झाला की असंच होतं. गंज सोडवणारा स्प्रे मारून तो चार दिवस हलका होतो, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. बदलायचाच. काढण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाची रेघ मारून ठेवायची, म्हणजे परत बसवताना दात चुकत नाहीत. चाकं सरळ करून स्टेअरिंग सीट बेल्टने किंवा दोरीने बांधून ठेवायचं, आणि एअरबॅगची गाडी असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबायचं. बांधलं नाही आणि कॉलम सुटलेला असताना कुणी स्टेअरिंग सहज गरकन फिरवलं, तर आतली एअरबॅगची गुंडाळलेली तार तुटते. लहानशा कामातून मोठा खर्च असाच उभा राहतो.

विजेच्या स्टेअरिंगमध्ये तेल नाही, पंप नाही, पट्टाही नाही, त्यामुळे लोकांना वाटतं की बिघडायला काही उरलंच नाही. चावी लावल्यावर डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढून ठेवलाय. लागून राहत असेल तर स्कॅनर जोडून कोड वाचायचा. पण स्कॅनरच्याही आधी मल्टिमीटर. उभ्या गाडीत चाक वळवताना ही मोटर काही क्षण ४०-५० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट ओढते, आणि थकलेली बॅटरी किंवा सैल अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडणारी तार) तिथे उघडा पडतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवताना तो आकडा १२ च्या खाली घसरत असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर बघायचे. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी बॉडीच्या अर्थवर, आणि पुन्हा स्टेअरिंग फिरवायचं. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ गंजलाय. बोल्ट काढून, घासून, पुन्हा आवळायचा. कितीतरी "गेलेल्या" मोटरी एवढ्यावर जिवंत होतात.

आणखी दोन गोष्टी. गाडीच्या वेगाचा सिग्नल कंट्रोलरला मिळाला नाही तर काही गाड्यांत मदत कमी होते किंवा थांबते; मग स्टेअरिंगचा दोष शोधत बसता आणि स्पीडोमीटरचा काटाही मेलाय हे कुणी सांगितलेलं नसतं. दुसरं असं की भर दुपारी मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांमधून वाट काढताना दहा-बारा वेळा जागच्या जागी टोकापर्यंत वळवलं की मोटर तापते आणि स्वतःला वाचवायला मदत कमी करते. पंधरा-वीस मिनिटांत गार झाली की पुन्हा पूर्ववत. हा बिघाड नाही, आणि यासाठी कॉलम बदलायला लावणाऱ्याचं ऐकू नका. चाक जागच्या जागी फिरवण्यापेक्षा गाडी जराशी हलती ठेवून फिरवलं तर मोटरलाही आराम, टायरलाही, खांद्यालाही. कॉलम खरोखर बदलावाच लागला तर काम झाल्यावर टॉर्क सेन्सर (हाताचा जोर मोजणारा) आणि स्टेअरिंगच्या कोनाचा शून्य स्कॅनरने पुन्हा ठरवून घ्यायचा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढल्यासारखी वागते.

चालत्या गाडीत मदत अचानक गेली तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येक चालकाला माहीत असावं. स्टेअरिंग निकामी झालेलं नसतं. चाकांशी त्याचा लोखंडी धागा शाबूत असतो, फक्त जोर तुमचा लागणार असतो. दोन्ही हातांनी धरायचं, वेग हळूहळू कमी करायचा, इंडिकेटर देऊन कडेला घ्यायचं. इंजिनची चावी चालत्या गाडीत कधीच पूर्ण बंद करायची नाही, कुलूप बसून चाक अडकू शकतं. तेलाच्या गाडीत स्टेअरिंग जड झालं आणि त्याच क्षणी बॅटरीचा लाल दिवा लागला, तर पट्टा तुटलाय. बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा वॉटर पंपही फिरवतो, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणीही थांबलंय. तिथे "सोलापूर आता आलंच" म्हणून पुढे जायचं नाही. उन्हात दहा किलोमीटरसुद्धा हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) जायला पुरतात.

काम झाल्यावर चाचणी कशी घ्यायची तेही ठरलेलं असावं. सकाळी, गार गाडीने, हवा मोजून, होटगी रोडच्या एखाद्या मोकळ्या आडरस्त्यावर. आधी उभ्या गाडीत इंजिन आयडलवर ठेवून एका हाताने दोन्ही टोकांपर्यंत. मग वीसच्या वेगाने वळण घेऊन पकड सैल सोडायची, हात जवळच ठेवायचे, आणि बघायचं: चाक आपसूक मधोमध येतं का, डावीकडून आणि उजवीकडून सारख्याच वेगाने येतं का. परत आल्यावर डबीवर मार्करने तेलाच्या पातळीची बारीक रेघ मारायची आणि मालकाला ती दाखवून सांगायचं, की परवा सकाळी गाडी काढायच्या आधी या रेघेकडे बघा, आणि तेल रेघेच्या खाली असेल तर फोन करा, भरू नका.